आधी खिडकी, मग मांजर

मांजर घरी आणायचं ठरलं की बऱ्याच घरांत आधी नाव ठरतं. मग वाट्या येतात, गादी येते, मांजर येतं, आणि खिडकीला जाळी लावायचं काम ‘येत्या रविवारी करू’ म्हणून मागे राहतं. तो रविवार उजाडायच्या आत मांजर कबुतरामागे झेपावतं. ‘मांजर कसंही पडलं तरी चार पायांवरच पडतं’ ही समजूत इथे जिवावर बेतते. हवेत अंग वळवून पाय खाली घेण्याची कला मांजरात असते, हे खरं. पण चौथ्या मजल्यावरून खाली आल्यावर जबडा मोडणं, टाळू चिरणं, छातीला मार बसणं हे नेहमीचं आहे.

शेल्टरमधून गेलेली मांजरं परत का येतात किंवा दगावतात हे पाहत गेलं, तर बहुतेक ठिकाणी माया कमी पडलेली नसते आणि कामंही सगळी केलेली असतात. फक्त त्यांचा क्रम चुकलेला असतो. म्हणून ही पोस्ट क्रमानेच लिहिली आहे, पिल्लू रस्त्यावर दिसतं तिथपासून.

उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत मुंबईत पिल्लं सापडत राहतात: मीटरच्या खोलीत, मासळी बाजारातल्या थर्माकोलच्या खोक्यात, गाडीच्या बॉनेटखाली. लगेच उचलू नका. भाटी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. ती एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, त्यामुळे एकटं दिसलेलं पिल्लू टाकून दिलेलंच असेल असं नाही. पिल्लू कोरडं, उबदार आणि पोटाने गोल असेल तर लांबून तीन-चार तास वाट बघा. थांबणं जमत नसेल तर भोवती कणकेचं पातळ रिंगण घाला. पावलं उमटली, म्हणजे आई येऊन गेली. पिल्लू गार, चिखलाने माखलेलं किंवा सतत ओरडणारं असेल, किंवा जागा पाण्याखाली जाणारी असेल, तर मात्र उचला.

उचलल्यावर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही. त्या अवस्थेत पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं किंवा श्वासनलिकेत जातं. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवा, पिल्लाला हवं तेव्हा लांब सरकता येईल एवढी जागा सोडा, आणि पंखा बंद करा. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या खोक्यात २९ ते ३२ अंश सेल्सिअस लागतात. मुंबईत मे महिन्यात हे आपोआप होतं, जुलैच्या ओल्या रात्री पंख्याखाली होत नाही. गाईच्या दुधाने जुलाब लागतात, म्हणून मांजराच्या पिल्लांसाठीचं दूध-पावडरच वापरायचं. पाजताना पिल्लू पालथं, पोटावर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि तिने न्यूमोनिया होतो. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी दूध, आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पुसून शी-शू करवणं. तीन आठवड्यांपर्यंत ते स्वतः करता येत नाही.

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा इथे औषधांपेक्षा उपयोगी पडतो. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढतं. महिन्याचं साधारण ४५० ग्रॅम, दोन महिन्यांचं एक किलोच्या आसपास. रोज एकाच वेळी वजन करा. एक दिवस वजन वाढलं नाही हीच आजाराची पहिली खूण असते, बाकीची लक्षणं मागाहून दिसतात. वय कळत नसेल तर तोंड उघडून बघा: पुढचे बारीक दात तिसऱ्या आठवड्यात येतात, सुळे चौथ्यात.

आता शेल्टर. नवीन मांजर दारात आलं की त्याला आधी लस, मग पिंजरा. मुंबईतले फीडर, म्हणजे रस्त्यावरच्या मांजरांना खाऊ घालणारे लोक, आणि डॉक्टर जिला ‘ट्रायकॅट’ म्हणतात ती तिहेरी लस पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तीन विषाणूजन्य आजारांविरुद्ध असते. यातला पॅनल्युकोपेनिया पिल्लांना एक-दोन दिवसांत संपवतो. उलट्या, जुलाब, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसणं, आणि मग काहीच नाही. शेल्टरमध्ये ही लस चार ते सहा आठवडे वयापासून देतात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, साधारण पाच महिन्यांचं होईपर्यंत. एकदाच टोचून का भागत नाही? आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निकामी करते, आणि ती नेमकी कोणत्या आठवड्यात ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून ‘एक डोस झालाय’ हे उत्तर ऐकून समाधान मानू नका. लसीच्या पुस्तिकेवरची प्रत्येक तारीख वाचा. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर.

लस दिल्यावरही १४ दिवस वेगळं ठेवायचं. वेगळं म्हणजे वेगळी खोली, वेगळी वाटी, वेगळा झाडू, आणि त्या खोलीत शेवटी जाणारा माणूस. एकाच हॉलच्या कोपऱ्यात पडदा लावला की त्याला वेगळं म्हणता येत नाही. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू चपलेवरून येतो, आणि लादीच्या भेगेत वर्षभर टिकू शकतो. ज्या घरात गेल्या वर्षभरात पॅनल्युकने पिल्लू गेलंय, तिथे लसीचा कोर्स अर्धवट असलेलं पिल्लू देऊच नये. मोठं, पूर्ण लस झालेलं मांजर द्यावं.

सफाईतही क्रम असतो: आधी साबण, मग ब्लीच. मळ राहिला की ब्लीच त्या मळावरच खर्च होतं. साबणाच्या पाण्याने घासून, धुऊन, मग एक लिटर पाण्यात ३० मिली साधं घरगुती ब्लीच. हे पाणी रोज ताजं करायचं, कारण दुसऱ्या दिवशी त्याचा जोर उतरतो. लादीवर दहा मिनिटं राहू द्यायचं, धुवायचं, सुकवायचं, आणि मगच मांजर आत. लादी चमकवायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीही नाही, त्यातून क्लोरिन वायू निघतो. आणि फिनाईल बंद. आपल्याकडे सफाई म्हणजे फिनाईलचा वास हे समीकरण इतकं पक्कं आहे की हे दहादा सांगावं लागतं. फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला मोडता येत नाहीत, मांजर ओल्या लादीवरून चालतं आणि पंजे चाटतं. ज्या विषाणूला मारायचंय, तो मात्र फिनाईलने मरत नाही. यकृताच्या याच कमतरतेमुळे मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष. माणसाच्या तापाच्या अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकतं.

पिंजऱ्याबद्दल माझं मत ठाम आहे: शेल्टरमधली बरीचशी सर्दी पिंजऱ्यामुळे होते. हर्पिसचा विषाणू एकदा शिरला की अंगात कायम राहतो आणि ताण आला की उसळतो. ताण कशाने? लपायला जागा नसणं, समोरासमोर दुसरं मांजर, शेजारी भुंकणारे कुत्रे, आणि रोज सकाळी सफाईसाठी उचलून दुसऱ्या पिंजऱ्यात टाकणं. मांजर मातीच्या ट्रेमध्ये बसून राहिलं तर लोकांना ते गमतीचं वाटतं. खरं तर त्याला लपायला दुसरं काही मिळालेलं नसतं. वाण्याकडचं बिस्किटांचं रिकामं खोकं आडवं ठेवा, अर्ध्या पिंजऱ्यावर चादर टाका, पिंजरा जमिनीपासून वर घ्या, जेवण आणि ट्रे यांत निदान दोन फूट अंतर ठेवा. त्याच मांजराचा पिंजरा असेल तर रोज सगळं धुऊ नका. घाण उचला, ओलं पुसा, पण त्याचा वास लागलेली चादर राहू द्या. पूर्ण धुणं पिंजऱ्यातलं मांजर बदलताना.

दत्तक घ्यायला येणाऱ्या माणसाने इथे एक लक्षात ठेवावं. मागच्या कोपऱ्यात शेपटी अंगाभोवती लपेटून, डोळे मिटल्यासारखे करून बसलेलं मांजर झोपलेलं नसतं आणि ‘माणूसघाणं’ही नसतं. त्याला भीती वाटत असते. घरी गेल्यावर तेच मांजर दोन-तीन आठवड्यांत मांडीवर येऊ शकतं. एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरा आणि थांबा. हुंगून गाल घासला तर गाल खाजवा, पोटाला हात लावू नका. आणि पिल्लाऐवजी दोन-तीन वर्षांचं मांजर बघाच. पिल्लाचा स्वभाव अजून घडायचा असतो, मोठ्याचा स्वभाव शेल्टरवाले तुम्हाला नेमका सांगू शकतात: मुलं चालतात की नाही, कुत्रा चालतो की नाही, उचललेलं आवडतं की नाही. एका डोळ्याची, तीन पायांची मांजरं घरात उत्तम राहतात. काळ्यांना आडवं जाण्याच्या समजुतीपायी जास्त थांबावं लागतं, एवढंच त्यांचं वैगुण्य. पिल्लूच हवं असेल तर निदान आठ आठवड्यांचं, आणि जमलं तर जोडीने दोन. दिवसभर कुलूप असलेल्या घरात एकटं पिल्लू रात्री तुमचे पाय चावतं, कारण खेळायला दुसरं कोणी नसतं.

नसबंदी मांजर देण्याआधी. ‘नंतर करून घेऊ’ या शब्दावर देऊ नये, कारण मादी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते आणि गर्भ जेमतेम ६३ ते ६५ दिवसांचा असतो. दोन महिन्यांच्या, एक किलो भरलेल्या निरोगी पिल्लाची शस्त्रक्रिया सराव असलेला डॉक्टर करू शकतो. एवढ्या लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, साखर उतरते. किती तास, ते डॉक्टरला विचारा. बोक्याबाबत एक गोष्ट हमखास विसरली जाते: शस्त्रक्रियेनंतरही महिनाभर त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात. तोवर नसबंदी न झालेल्या भाटीबरोबर त्याला ठेवू नका.

फोटो पिंजऱ्याच्या गजांतून काढू नका. खिडकीच्या उजेडात, मांजराच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून काढा. मजकुरात वय, नसबंदी, लसींच्या तारखा, एफआयव्ही-एफईएलव्ही (प्रतिकारशक्ती खच्ची करणारे मांजरांचे दोन विषाणू) तपासणीचा निकाल, स्वभाव आणि आजार सगळं लिहा. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाची एफआयव्ही तपासणी आईच्या प्रतिपिंडांमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तिच्यावरून घाईने शिक्का मारू नका. ‘आज नेलं नाही तर रस्त्यावर सोडावं लागेल’ असा मजकूर टाकला की दया येऊन लोक मांजर नेतात, आणि दया ओसरली की परत आणतात.

आता खिडकी. मांजर द्यायच्या आधी घरातल्या प्रत्येक खिडकीचा व्हिडिओ मागवा, फोटो पुरत नाही. सरकत्या खिडकीचा एक भाग कायम उघडा असतो आणि बाहेर ग्रिल आहे म्हणून घरचे निर्धास्त असतात. ग्रिलच्या पट्ट्यांतून पिल्लू सहज जातं, मोठं मांजरही जातं. जिथून डोकं शिरतं, तिथून बाकीचं अंग शिरतं. डासांसाठी वेल्क्रोने लावलेली जाळी चार किलोंचा धक्का सोसत नाही. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी कुरतडता येते आणि उन्हापावसात ठिसूळ होते. हवी ती स्टेनलेस स्टीलची जाळी, भोक एक इंचाचं किंवा त्याहून लहान. समुद्राच्या हवेत साधी गॅल्व्हनाइज्ड जाळी गंजते, तेव्हा इथे पैसे वाचवू नका. सोसायटी बाहेरून काही लावू देत नसेल तर ग्रिलला आतून लावा आणि दर सहा इंचांवर स्टीलच्या तारेने बांधा. प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हात तुटतात. लावून झाल्यावर मधोमध दोन्ही तळवे टेकवून सगळा भार टाकून ढकला. हलली तर काम परत करा.

हॉलच्या खिडकीपेक्षा धोक्याची जागा बाथरूममध्ये असते. तिथल्या लुव्हरच्या काचा खाचेतून सरकतात आणि पलीकडे इमारतीचा डक्ट असतो. डक्टमध्ये पडलेलं मांजर दिसत नाही, आवाज सगळ्या मजल्यांवरून येतो, आणि खाली उतरायला वाट नसते. एक्झॉस्ट फॅनचं भोक, विंडो एसी काढल्यावर पुठ्ठ्याने बुजवलेली जागा, सुकायला घातलेल्या कपड्यांसाठी ग्रिलला ठेवलेलं छोटं दार, हे सगळं एकेक करून तपासा. चाळीतल्या खोलीत मांजर देऊच नये असं मला वाटत नाही. गॅलरीचं दार दिवसभर उघडं असतं ही खरी अडचण आहे, आणि ती सेफ्टी डोअरला आतून जाळी मारून सुटते. १८० चौरस फुटांच्या खोलीत मांजराला उंची द्या: कपाटावर एक फळी, माळ्यापर्यंत दोन पायऱ्या. लांबी-रुंदीपेक्षा उंची त्याच्या जास्त उपयोगाची असते.

कागदपत्रांचा भाग छोटा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भाड्याच्या घराचं वेगळं: लीव्ह अँड लायसन्सच्या करारात प्राण्यांविरुद्ध कलम आहे का, ते वाचा आणि मालकाची परवानगी लेखी घ्या. गणपतीला घर कोकणात जाणार असेल तर मांजराला कोण बघणार, हे नाव-नंबरासह ठरलेलं हवं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात आणि दिवाळीत फटाके सुरू असताना नवीन मांजर घरी पाठवूच नये.

नेताना कडक प्लास्टिकचा कॅरिअर, तळाला शेल्टरमधली न धुतलेली चादर, वरून टॉवेल. पुठ्ठ्याचं खोकं ओलं झालं की तळातून फाटतं, आणि रिक्षात मांडीवर धरलेलं मांजर हॉर्नच्या एका आवाजाला बाहेर उडी घेतं.

घरात आल्यावर आधी एक खोली, मग घर. ज्या खोलीत दिवाण किंवा फ्रिजच्या मागची अवघड फट नाही अशी निवडा. तिथे ट्रे, पाणी, जेवण आणि एक खोकं. कॅरिअरचं दार उघडा आणि बाजूला व्हा. पहिल्या दिवशी मांजर खात नाही, रात्री सगळे झोपल्यावर बाहेर येतं. हे ठीक आहे. पण मोठं मांजर ४८ तास काहीच खात नसेल तर डॉक्टरकडे न्या, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते, विशेषतः लठ्ठ मांजराच्या. पिल्लाने १२ तास खाल्लं नाही तर त्याच दिवशी न्या. बोका सारखा ट्रेमध्ये जातोय आणि लघवी होत नाहीये, ही तर रात्री दोन वाजताही दवाखाना गाठायची वेळ आहे. आंघोळ घालू नका. शेल्टरमध्ये जे खाणं आणि जी माती होती, तीच चालू ठेवा. खाणं बदलायचं असेल तर सात ते दहा दिवसांत, पाव-पाव भागाने. फक्त दूध-भात किंवा फक्त कच्ची मासळी यांवर मांजर ठेवू नका. भातात मांजराला लागणारं टॉरिन हे पोषक द्रव्य नाही, आणि काही कच्च्या माशांतलं एक द्रव्य बी१ जीवनसत्त्व नष्ट करतं.

घरात आधीचं मांजर असेल तर आधी वास, मग भेट. दार बंद ठेवून दोन्हीकडे दाराशी जेवण, चादरींची अदलाबदल, मग फटीतून नजर, मग पाच मिनिटं एकत्र. याला १० ते १४ दिवस लागतात, काहींना महिना. ‘भांडून आपापसात ठरवतील’ म्हणून सोडलं, तर ती पहिली मारामारी दोघंही विसरत नाहीत. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि दोन वेगळ्या जागी.

मांजर परत करण्यासाठी वारंवार दिलं जाणारं एक कारण, ज्याची गरजच नसते: घरात कोणी गरोदर असणं. भीती असते ती गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्माची, पण त्याचे जंतू मांजराच्या विष्ठेत पडल्यावर लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोज दुसऱ्या कोणी साफ केला, मांस नीट शिजवलं, भाज्या आणि हात धुतले, की मांजराला घराबाहेर काढायचं कारण उरत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या, पण सासूबाईंच्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून मांजर परत करू नका.

शेल्टरने दुसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी फोन करावा. ‘कसं आहे?’ विचारलं तर ‘छान आहे’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: आज किती खाल्लं, ट्रेमध्ये किती गुठळ्या निघाल्या, कुठे झोपलं, आणि बाथरूमची खिडकी आत्ता बंद आहे का. शेवटच्या प्रश्नाला पलीकडचा माणूस फोन घेऊन उठला आणि बघून आला, की दुसऱ्या खोलीचं दार उघडायला सांगा.